वाड्याच्या माळ्यावर फिल्मचे जुने डबे सापडलेत, काय करू?

पेठकर_३०: सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून बिल्डिंग होतेय, माळा आवरताना फिल्मचे गंजलेले गोल डबे निघाले. आजोबांना सिनेमाचा नाद होता एवढंच माहितीये. मामा म्हणतो भंगारात घाल, पण परवाच जाड्या-रड्याचा (लॉरेल-हार्डीचा) 'बॅटल ऑफ द सेंच्युरी' बघितला, तो म्हणे कित्येक वर्षं अर्धवटच होता, त्यामुळे टाकायला हात धजत नाहीये. खरंच असं सापडतं का? डबे उघडू का?

रीळवेडा: भंगारात अजिबात नको!! तो पिक्चर 1927 चा, दोन रिळांचा. दुसऱ्या रिळात क्रीम पाईंची ती तुफान मारामारी. रॉबर्ट यंगसननं 1957 मधे जुन्या कॉमेडीचं संकलन केलं त्यात तिचे तुकडे घेतले आणि पुढे लोक तेवढ्यावरच भागवत होते. 2015 मधे जॉन मिर्सालिस या संग्राहकाला दुसऱ्या एका संग्राहकाच्या डब्यांत अख्खं रीळ मिळालं, तेही 16 एमएमची कॉपी. तुकड्यांत नुसती फेकाफेक दिसायची, आता कळतं की हार्डी केळ्याची साल टाकतो, पाईवाला घसरतो, मग ज्याला लागते तो चिडून फेकतो आणि ती भलत्यालाच बसते, असं करत करत अख्खा रस्ता पेटतो. डेंटिस्टच्या खुर्चीतल्या माणसाच्या उघड्या तोंडात पाई जाते ना, त्याची मजा आधीचं सगळं बघितल्यावरच येते. विमा एजंटचा सीन मात्र अजून गायबच आहे, तिथे फोटो आणि पाट्या लावून भागवलंय.

लॉकॉलेज_रोड: पेठकर, घरात उघडू नकोस आणि प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नकोस. फिल्मची रुंदी 35 एमएम असेल तर ती जुनी नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी फिल्म असू शकते, ती पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते. 2003 च्या जानेवारीत आपल्या पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने सिनेमे गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. 16 एमएम असेल तर ती सेफ्टी फिल्म, एवढी भीती नाही, पण व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तीही सडायला लागलीये असं समज. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे ना, तिथे फोन कर. ते अर्काइव्ह उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या फिल्म्स गोळा केल्या त्या असल्याच जुन्या डब्यांमधून, म्हणून सांगतोय.

पेठकर_३०: बापरे, आम्ही ते गॅसजवळच ठेवले होते! आत्ताच उचलून जिन्याखाली गार जागेत नेलेत. मामाला तुमचे रिप्लाय वाचून दाखवले, तो भंगाराचं नाव काढत नाहीये. सोमवारी फोन करतो.

रीळवेडा: डब्यावर काही लिहिलेलं असेल, चिठ्ठी असेल तर पुसू नको, काढूही नको, आधी फोटो काढ. बऱ्याचदा पिक्चर कुठला ते त्यावरूनच कळतं.