टेक्निकल रायटरची ऑफर, १४ लाख. घेऊ का? (शुक्रवारपर्यंत कळवायचंय)

खराडीची_चिऊ: एका मोठ्या मीडिया कंपनीच्या पुण्यातल्या टेक टीमकडून ऑफर आलीय. १४ लाख. कमी आहे की ठीक? एचआर म्हणते बँड (त्या पदाची पगाराची मर्यादा) ठरलेला आहे, वाढणार नाही. पटकन सांगा प्लीज.

वरणभात_फॅन: ताई, १४ सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) की फिक्स्ड? अनुभव किती? काम कसलं?

नाना_सदाशिवपेठ: मीडिया कंपनी ना? मग मजिठिया वेतन मंडळ बघा, पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या पगारासाठीचं. २०११ ची अधिसूचना आहे, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. हक्काचं सोडू नका.

खराडीची_चिऊ: सीटीसी, त्यात १.४ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग). ६ वर्षं अनुभव. व्हिडिओ प्लेअरच्या एसडीकेचे (प्रोग्रामर आपल्या ॲपमध्ये जोडतात तो तयार कोड) डॉक्स लिहायचेत. बातम्यांशी संबंध नाही हो नाना.

मार्कडाउन_मावळा: गिट (फाइलींमधले बदल सांभाळणारं टूल) येतं का? नसेल तर आधी ते शिका, पगार आपोआप वाढेल. मी सगळी मॅन्युअल्स फ्लेअरमधून (मॅन्युअल लिहायचं सॉफ्टवेअर) मार्कडाउनमध्ये (साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायची पद्धत) आणली.

डिटावाली: आलं यांचं मार्कडाउन! एकाच मजकुराच्या चार ग्राहकांसाठी चार आवृत्त्या काढा म्हटलं की हेच लोक कॉपी-पेस्ट करत बसतात. आणि तिने पगार विचारलाय.

वरणभात_फॅन: हिशोब असा. फिक्स्ड १२.६. बेसिक (मूळ पगार) निम्मं धरलं तर ६.३. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के बहुतेक यातूनच वजा. तुमचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात महिना ९० हजारांच्या आतबाहेर. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत टॅक्स नाही. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर जेमतेम वर जाल, पण तिथे सवलत असते, जास्तीच्या रकमेपेक्षा जास्त टॅक्स लागत नाही (वर सेस). एचआरला एवढंच विचारा, मागच्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के वाटलं?

पीएमटी_प्रवासी: ऑफिस कुठे?

खराडीची_चिऊ: बाणेर. आठवड्यातून ३ दिवस.

पीएमटी_प्रवासी: खराडीहून बाणेर!! रामवाडीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, पुढे बस. पावसाळ्यात गाडी काढूच नका, विद्यापीठ चौकात...

खराडीची_चिऊ: रस्ता नका हो सांगू 🙏 एचआरशी बोलले. व्हेरिएबलचं "परफॉर्मन्सवर अवलंबून", बस. बँड हलत नाही, पण जॉइनिंग बोनस ५० हजार देते म्हणाली. वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. सही करू?

डिटावाली: बोनस दरवर्षी मिळत नाही, बेसिक दरवर्षी मिळतं. मी असते तर १.४ मधले निदान ७० हजार फिक्स्डमध्ये मागितले असते. बँडला हात न लावता जमतं ते.

वरणभात_फॅन: हे बरोबर. नाहीच ऐकलं तर बोनस घ्या, पण परत करताना पूर्ण ५० मागणार की टीडीएस कापून हातात आलेले, हे सहीच्या आधी मेलवर लिहून घ्या.