स्पोर्ट्स कार खाली बसवायची, पण आराम घालवायचा नाही: खानदेशात जमतं का?

गिरणाकाठ
दोन दारांची स्पोर्ट्स कार २० ते २५ मिमी खाली घेऊनही जळगाव-धुळे रोज चालवण्याइतकी मऊ ठेवता येते, असं माझं ठाम मत आहे. आराम जातो तो खाली घेतल्यामुळे नाही. स्प्रिंग बदलून शॉकअप (स्प्रिंगचं उसळणं थोपवणारी तेलाची नळी आणि पिस्टन) जुनाच ठेवला, की जातो. स्प्रिंगचे वेढे कापणं तर बंदच व्हायला हवं. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग आपोआप कडक होते, कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळलं तर स्प्रिंग जागेवरून निसटते.

आता आकडे बघा. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार धरा. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिमीला २५ न्यूटन असेल, तर गाडी सेकंदाला साधारण १.४५ वेळा झुलते. ३० टक्के कडक स्प्रिंग घातली तर १.६६ वेळा. एवढा फरक अंगाला सोसतो. मात्र स्प्रिंग ३० टक्क्यांनी वाढली, तर शॉकअपचा जोरही सुमारे १४ टक्क्यांनी वाढायला हवा. नाही वाढला तर दणक्यानंतर गाडी उसळत राहते आणि लोक म्हणतात, "कडक झाली." खरं तर ती सुटलेली असते, म्हणजे शॉकअप तिला आवरत नाही. ट्रॅकसाठीच्या ६० न्यूटनच्या स्प्रिंगा घातल्या, की आकडा २.२५ वर जातो. आपल्या रस्त्यांवर त्या नकोतच.

एमएच१८_पांझरा
भाऊ, झुलण्याचा हिशोब बरोबर आहे, पण खरा प्रश्न जागेचा आहे. गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबण्याआधी अडवणारा ठोकळा) ५० मिमी जागा असेल आणि तुम्ही २५ मिमी खाली घेतली, तर जागा निम्मी झाली. निम्म्या जागेत तोच दणका जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तुम्ही फक्त ३० टक्के वाढवताय. उरलेला दणका बंप स्टॉपवर, तिथून माणसाच्या मणक्यावर.

दुसरं, आपले गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २.४५ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडीची पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्यावर असली तर पोटाखाली जेमतेम ४४ मिमी उंचवटा येतो. गावागावात घातलेला अरुंद, १२ सेंमीचा उंचवटा मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे अख्खा बसतो. म्हणजे पोटाखाली पूर्ण १२ सेंमी. मूळ १२५ मिमी असलेली गाडी तुम्ही १०० वर आणली, तर शॉकअप कितीही भारी असू द्या, पोट घासणारच. वर काळ्या मातीवरचे रस्ते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. इथे खाली घेऊच नये, हे माझं मत.

गिरणाकाठ
चौपटीचा हिशोब मान्य, दादा, पण तो फक्त स्प्रिंग बदलली तर लागू. स्प्रिंगखालची कडी फिरवून गाडी बसवली की पिस्टनही तेवढाच खाली जातो, जागा जाते. म्हणून आखूड नळीचा शॉकअप हवा, ज्यात उंची खालच्या ब्रॅकेटवर बदलते. यात पिस्टन नळीत पूर्वीच्याच जागी राहतो, दबण्याची जागा वाचते. मर्यादा उरते ती टायर मडगार्डला लागण्याची. सोबत फोमचा, टप्प्याटप्प्याने कडक होणारा बंप स्टॉप घाला. तो दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करतो. कडक रबराचा ठोकळा अचानक धडकतो.

पोटाच्या उंचीवर मात्र तुमचा मुद्दा खरा आहे. त्याला शॉकअपमध्ये उत्तर नाही.

भुसावळ_पाना
दोघांच्या वादात बसवणीचं काम राहून जातंय, आणि अर्धा आराम तिथेच जातो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोअर आर्मच्या (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) बुशचे (त्याच्या सांध्यातलं रबर) बोल्ट चाकं लोंबकळत असताना घट्ट करणं. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते स्वतःच स्प्रिंगसारखं अडतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दाबून बसू द्या, आणि मग गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन टॉर्क पान्याने ताणा.

शॉकअपचं वरचं माउंटिंग, म्हणजे बॉडीला जोडणारी बैठक, रबराचंच ठेवा. लोखंडी बॉलचं माउंटिंग प्रत्येक खडी केबिनमध्ये ऐकवतं. स्टॅबिलायझरची (वळणावर कलणं कमी करणारा आडवा दांडा) लिंक रॉड आखूड किंवा लांबी कमी-जास्त होणारी घ्या, नाहीतर तिचा कोन बिघडतो आणि खटखट सुरू होते. अलाइनमेंट लगेच करा, आणि स्प्रिंग बसल्यावर, साधारण हजार किमीनंतर, पुन्हा. टायरची आतली कड झिजली की लोक कॅम्बरला (चाकाचा उभा कल) दोष देतात, पण खरा मारेकरी बहुतेक वेळा टो (वरून पाहिल्यावर चाकांचं आत किंवा बाहेर वळलेलं असणं) असतो. हेडलाइटची पातळीही तपासा.

३० मिमीच्या पुढे जाऊ नका. पुढच्या चाकांना स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असलेल्या गाडीत लोअर आर्म बाहेरच्या बाजूने वर चढतो, आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातो. गाडी खाली असूनही वळणावर जास्त कलते. कन्नडच्या घाटात हे लगेच कळेल.

एमएच१८_पांझरा
एवढं सगळं करण्यापेक्षा उंची तशीच ठेवा, शॉकअप चांगले घाला आणि रिम एक इंच लहान करून टायरची भिंत जाड घ्या. काँक्रीटच्या रस्त्यावर सांधे साधारण ४.५ मीटरवर असतात. ताशी ८० किमी वेगात सेकंदाला जवळपास पाच ठोके बसतात, आणि बसलेल्या माणसाला उभे धक्के सर्वात जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. ते ठोके आधी टायरची भिंत खाते, स्प्रिंग नंतर.

भुसावळ_पाना
भो, रिम लहान करताना ब्रेकचा कॅलिपर आत बसतो का ते आधी मोजा. स्पोर्ट्स गाडीत बऱ्याचदा बसत नाही. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, टायरची हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. दुपारी गरम टायर मोजून हवा सोडली तर सकाळी कमी भरते.

तापी_सातपुडा
कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्याच्या विरोधात आहेत. आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर दावा अडला तर सुट्या भागांची पावती कामी येत नाही.

गिरणाकाठ
पांझरा दादा, वाद मोजमापाने सुटेल. काही विकत घेण्याआधी शॉकअपचं धूळकव्हर वर सरकवा, पिस्टनच्या दांड्यावर केबल टाय घट्ट बांधून नळीला टेकवा. रोजचा रस्ता दोन माणसं आणि सामानासह दोन दिवस चालवा. नळी टायला वर ढकलते, म्हणजे टाय जिथे थांबेल तिथपर्यंत गाडी दबली. टायपासून बंप स्टॉपपर्यंत ३० मिमी शिल्लक असेल, तर नुसत्या स्प्रिंगनेही २० मिमी खाली घेता येईल. १० उरले तर आखूड नळीशिवाय हात लावू नका.

एमएच१८_पांझरा
टायची पद्धत पटली. पण त्याच फेरीत पोटाखालच्या सर्वात खालच्या भागाला खडूचा जाड पट्टा मारा. मूळ उंचीलाच खडू पुसला गेला, तर टाय काहीही सांगो, गाडी खाली घेऊ नका.