कंदील विझला नाही म्हणजे विहीर सुरक्षित?

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं, ‘जुन्या विहिरीत, शेणखड्ड्यात उतरण्याआधी कंदील सोडून बघा, विझला नाही तर बिनधास्त उतरा.’ वाचून डोकं फिरलं. कंदील प्राणवायू कमी आहे का, एवढंच सांगतो. शेण-गाळ सडून निघणाऱ्या विषारी हायड्रोजन सल्फाइडने माणूस आडवा होतो तेव्हाही ज्योत तेवत असते. शेणखड्ड्यात पेट घेणारा मिथेनही असतो, तिथे पेटता कंदील सोडायचा? ‘वास आला की वर येऊ’ हेही विसरा. हवेच्या दहा लाख भागांत हायड्रोजन सल्फाइड शंभरएक भाग झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, गॅस गेला.

विहीरवाला: ते मीच लिहिलं. माझ्या वडिलांनी जन्मभर विहिरींचा गाळ काढला. कंदील विझला म्हणून दोनदा माघारी फिरले. पुस्तकी ज्ञान आम्हाला नको.

रानवाट: विझला म्हणून वाचले. न विझलेल्या कंदिलाचं काय? वाकडी, तालुका नेवासा, एप्रिल २०२४. पडीक विहीर, आत शेणाची स्लरी, त्यात मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, मग एकाला वाचवायला दुसरा असे एकामागोमाग उतरले, पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधलेला.

मीनाक्षी: गॅस गीझरचं कोण बोलणार? माझी जाऊ बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. दार तोडलं. थंडी लागते म्हणून खिडकीच्या फटींना वर्तमानपत्र चिकटवलेलं.

विहीरवाला: गळती असेल. सिलिंडरच्या गॅसला वास येतो, कळायला हवं होतं.

मीनाक्षी: गळती नव्हती! कोंडलेल्या जागेत जळण अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वासच नाही. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. ती वाचली, पण अजून दूध गॅसवर ठेवून विसरते. ‘कळायला हवं होतं’ हे तिला येऊन सांगा.

कोथरूडकर: आमचा गीझर बारा वर्षं आत आहे. उगाच घाबरवता.

मीनाक्षी: खिडकी उघडी असते ना?

कोथरूडकर: असते. हिवाळ्यात मुलं लावून घेतात.

मीनाक्षी: मग बारा वर्षांचं काय सांगता?

विहीरवाला: बोललो ते चुकलं, ताई. कंदिलाचं वाक्यही काढतो. पण दोर बांधल्याशिवाय वडील कधी उतरले नाहीत, तेही लिहा.

रानवाट: लिहितो. नुसत्या दोरावर मात्र उतरू नका, तो माणूस बाहेर काढायला असतो, गॅस अडवायला नाही.

कोथरूडकर: गीझर बाल्कनीत घ्यायचा तर पाइप किती लांब चालतो?