स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम : मुलगी पहाटे तीनलाच उठते, दुपारची झोप बंद करावी काय?

प्रश्न : एक पालक, मानेवाडा, नागपूर

आमच्या सहा वर्षांच्या मुलीला स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम असल्याचे मायक्रोअॅरे या गुणसूत्रांच्या तपासणीतून निश्चित झाले आहे. सतराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा तिच्यात नाही. रात्री ती जेवतानाच पेंगते, मधूनमधून उठते, तीनच्या सुमारास पूर्ण जागी होते आणि दुपारी शाळेत बाकावरच झोपून जाते. दुपारी तिला झोपू दिले नाही तर रात्री आपोआप झोप लागेल, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. परंतु तसे केले की संध्याकाळी ती इतकी बेचैन होते की स्वतःचाच हात चावते. दुपारची झोप बंद करावी काय? मेलाटोनिनच्या गोळ्या आम्ही स्वतःहून सुरू कराव्यात काय?

उत्तर : बालविकास क्षेत्रातील एक डॉक्टर

मेलाटोनिन हे संप्रेरक एरवी अंधार पडल्यावर वाढते आणि सकाळी उतरते. या सिंड्रोमच्या बहुतेक मुलांमध्ये मात्र ते दिवसा जास्त आणि रात्री कमी असते. या तुकड्यासोबत जाणारे आरएआय-१ हे जनुक शरीराच्या घड्याळाशी निगडित आहे, त्यामुळे हा हट्टाचा किंवा वळण न लावल्याचा प्रश्न मुळीच नाही, हे घरच्यांना कृपया शांतपणे समजावून सांगावे. दुपारची झोप पूर्ण तोडल्यास थकवा आणि चिडचीड वाढते. ती दुपारी लवकर आणि थोडाच वेळ द्यावी. सकाळी उजेडात खेळणे व संध्याकाळपासून दिवे मंद ठेवणे उपयोगी पडते.

गोळ्या स्वतःहून देऊ नयेत, कारण अशा उत्पादनांतील प्रत्यक्ष मात्रा वेष्टनावरील आकड्याशी जुळतेच असे नाही. फ्रान्समध्ये सकाळी दिवसाचे मेलाटोनिन कमी करणारे असेब्युटोलॉल हे औषध आणि रात्री मेलाटोनिन अशी जोडी वापरली गेली आहे, पण दमा असलेल्या मुलांना ते पहिले औषध चालत नाही. अमेरिकेत याच सिंड्रोममधील रात्रीच्या झोपेसाठी टॅसिमेल्टिऑन या मेलाटोनिनसारखे काम करणाऱ्या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. तुमची मुलगी घोरते काय आणि तिचे कान वारंवार दुखतात काय, हे औषधाआधी तपासून घ्यावे. झोपेत श्वास अडकत असेल तर उपचाराची दिशाच बदलते.

उत्तर : एक आई, प्रतापनगर

ताई किंवा दादा, माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी औषधांविषयी सांगितलेच आहे; मला काळजी वाटते ती तीन वाजता एकट्या जाग्या असलेल्या मुलीची, कारण त्या वेळी सगळे घर गाढ झोपलेले असते. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर अंथरुणे टाकली जातात, पण तिला तिथे झोपवू नका. कूलरची टाकी, गॅसचे बटण आणि बाहेरच्या दाराची कडी तिच्या हाताबाहेर असू द्या. तिची खोली रिकामी व सुरक्षित करून खेळणी खालीच ठेवा; खिडकीला जाड पडदे लावा, कारण मे महिन्यात येथे साडेपाचलाच उजाडते. आम्ही दोघे रात्री आळीपाळीने जागतो, म्हणजे एकाची तरी सलग झोप होते. ही व्यवस्था तुम्हीही लवकर ठरवून घ्या.

उत्तर : विशेष शिक्षिका

झोपेची वेळ, जाग येण्याची वेळ आणि दुपारची झोप दोन आठवडे वहीत लिहून ती डॉक्टरांकडे न्यावी. वर्गशिक्षिकेलाही तिचा आजार समजावून सांगावा, म्हणजे बाकावर झोपल्याबद्दल तिला शिक्षा होणार नाही, आणि दुपारची ठरलेली डुलकी शाळेतच कुठे घेता येईल हेही त्यांच्याशी बोलून ठरवता येईल.