विषय: गुहागरात भाड्याचं घर, इंडक्शन आणि ओव्हन चालेल का?

न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,
दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन अकरा महिने गुहागरात राहायचं ठरतंय. घर चिरेबंदी, पुढे पडवी, अंगणात विहीर. मालक मुंबईला असतात. आईला सिलिंडरची उचलठेव नको म्हणून इंडक्शन आणि ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) घ्यायचा विचार आहे, शिवाय इथला इलेक्ट्रिक कुकर नेईन. मालक म्हणतात, "लाईटचा काही प्रॉब्लेम नाही." अनामत पाठवण्याआधी काय विचारू?

दापोलीहून

ताई, अनामत थांबवा. आधी ताज्या वीजबिलाचा फोटो मागवा आणि त्यावरचा 'मंजूर भार' बघा, म्हणजे घराला एका वेळी किती वीज वापरायची मंजुरी आहे ते. आम्ही परत येऊन इथे घर घेतलं तेव्हा बिलावर १ किलोवॅट होतं, आणि एकटं इंडक्शनच २००० वॅटचं! २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. त्यात ओटीजी १५००, गिझर २०००, वर विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप. सकाळी सातला हे सगळं एकदम चालू असलं की अठ्ठावीस अँपिअरच्या आसपास जातं.

मग स्वयंपाकघरातली सॉकेटं. छोटं ६ अँपिअरचं असतं, त्यावर इंडक्शन लावायचंच नाही. मोठं १६ चं दिसलं तरी मागची वायर बघायला लावा. आमच्याकडे वायरमनने बोर्ड उघडला तर पुढे नवंकोरं १६ चं सॉकेट आणि मागे दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर, टोकं खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. अशी सैल, गंजकी जोडणी तापते आणि सॉकेट वितळतं. इंडक्शनला एक आणि ओटीजीला एक, अशा स्वतंत्र लाईनी मेन बोर्डापासून ओढून घ्या. वायर तांब्याची, निदान अडीचची. अंतर जास्त असेल तर चारची.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडायला लागला की कुणीतरी "मोठा टाकून देतो" म्हणतं. ते अजिबात होऊ देऊ नका. एमसीबी वायर वाचवायला असतो. जुन्या वायरीवर ३२ चा बसवलात तर तो पडणार नाही, भिंतीतली वायर जळेल. तुमच्या घरात म्हातारी माणसं असणार आहेत.

लोड वाढवायचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचा लागतो. आपल्याकडे मीटर आजोबांच्या नावावर आणि वारस मुंबई-ठाण्यात विखुरलेले, म्हणजे आधी नाव बदलणं आणि त्याच्या सह्या आल्या. म्हणून "या तर खरं, मग बघू" याला हो म्हणू नका. वाढीव भार, वेगळ्या लाईनी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारा खटका) मालक स्वखर्चाने राहायला येण्याआधी करून देतील, असं करारातच लिहून घ्या.

मस्कतहून

काकांनी सांगितलंय त्यात व्होल्टेजची भर घालते. आमचं वेळणेश्वरचं घर डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब आहे. गणपतीत चाकरमानी आले की संध्याकाळी १८० वर येतं. तेवढ्यावर ओटीजीची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते, नानकटाई मधे कच्चीच राहते. इंडक्शन तर एरर दाखवून बंदच पडतं. कुणाला तरी संध्याकाळी सातला मल्टिमीटर घेऊन पाठवा, दुपारी मोजून उपयोग नाही. आणि जांभ्यात ओल टिकत नाही, तेव्हा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

गॅस पूर्ण सोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तो आईंनाही जड जाणार नाही.

अमेरिकेतला कुकर मात्र तिथेच ठेवा. तो १२० व्होल्टचा, २३० वर लावलात की जळेल. त्याच्यासाठी जडशीळ ट्रान्सफॉर्मर वागवण्यापेक्षा चिपळूणला नवा घ्या.

न्यू जर्सीहून

काका, ताई, मनापासून आभार. मालकांना आत्ताच फोन केला. मीटर त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. नाव बदलायला तयार आहेत, पण दिवाळीच्या आत होईल असं त्यांना वाटत नाही. मी अनामत थांबवली आहे. बिलाचा फोटो आला की इथेच टाकते. काका, तेवढा बघाल ना?