प्रोजेक्शनमधला आकडा खऱ्यापेक्षा एकाने जास्त

प्रश्न
ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लिहितोय, इव्हेंट सोर्सिंग (घडलेली प्रत्येक गोष्ट इव्हेंट म्हणून क्रमाने नोंदवायची, बाकी सगळं त्यावरून काढायचं) पहिल्यांदाच. मुख्य इव्हेंट दोनच: 'पुस्तक दिलं' आणि 'पुस्तक परत आलं'. एक प्रोजेक्शन, म्हणजे इव्हेंट वाचून आपलं टेबल भरणारा भाग, सभासदाकडे किती पुस्तकं आहेत ते मोजतं. दिलं की एक मिळवायचा, परत आलं की वजा. सर्व्हर मध्येच पडून पुन्हा उठला की एखाद्याचा आकडा एकाने वाढलेला असतो. इव्हेंट स्टोअर, म्हणजे मूळ इव्हेंटचा साठा, चोख आहे. प्रोजेक्शन पुसून पहिल्या इव्हेंटपासून पुन्हा चालवू का?

उत्तर १
चालवा, पण त्यातून ईमेल जात नाहीत ना ते आधी बघा. मी एकदा न बघता रिप्ले (असंच पहिल्यापासून पुन्हा चालवणं) सुरू केला आणि केव्हाच परत आलेल्या पुस्तकांसाठी 'मुदत संपली'ची पत्रं भराभर सुटली. अर्धा दिवस माफी मागण्यात गेला. तेव्हापासून माझ्याकडे प्रोजेक्शन फक्त आपलं टेबल लिहितं. ईमेलचा हँडलर (इव्हेंट आला की चालणारा कोड) वेगळा, रिप्ले त्याच्या वाटेला जात नाही.

नुसतं पुसून दुखणं जाणार नाही. तुमचा हँडलर आधी आकडा वाढवतो, मग चेकपॉइंट (कुठल्या इव्हेंटपर्यंत वाचलं त्याची खूण) पुढे सरकवतो, असंच ना? सर्व्हर नेमका मध्ये पडला की तोच इव्हेंट दुसऱ्यांदा येतो. क्रम उलटा केलात तर इव्हेंट गळेल, आणि गळालेला कळतही नाही. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. टेबल आणि चेकपॉइंट वेगळ्या डेटाबेसमध्ये असतील तर आकडा साठवूच नका. प्रत्येक देवघेवीची एक ओळ ठेवा, देवघेवीचा क्रमांक हीच तिची प्रायमरी की (टेबलात दोनदा येऊ न शकणारी ओळख). ओळ आधीच असेल तर सोडून द्या. परत आलं की त्याच ओळीवर तारीख टाका, मोजणी वाचताना करा.

प्रश्नकर्ता
एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आणलं, चार ओळींचं काम निघालं. आता दुसरी शंका. पुस्तक हरवलं तर सध्या मी 'पुस्तक परत आलं' टाकतो, म्हणजे आकडा खाली येतो. ठीक आहे ना?

उत्तर २
नाही! पुस्तक परत आलेलंच नाही, मग तसा इव्हेंट कसा? प्रोजेक्शनच्या सोयीसाठी इव्हेंट वाकवायचा नसतो. उद्या भरपाईचा अहवाल मागितला तर हरवलेली पुस्तकं वेगळी काढणार कशी? नोंदलंच नाही ते कुठल्याही प्रोजेक्शनला दिसत नाही. ग्रंथपाल 'हरवलं' म्हणतात ना? मग इव्हेंटही 'पुस्तक हरवलं'. झालेल्या नोंदी खोडू नका, त्यांच्यापुढे 'परतीची नोंद चुकीची होती' असा इव्हेंट जोडा आणि मग 'हरवलं'.

प्रश्नकर्ता
अशा अकरा नोंदी निघाल्या. यादी घेऊन ग्रंथपालांकडे गेलो, तर त्यातलं एक पुस्तक त्यांच्या मागच्याच कपाटात उभं. आता 'पुस्तक सापडलं' हाही इव्हेंट लिहितोय.