मदत हवी आहे: मेंदूच्या गाठीचा आयडीएच निगेटिव्ह, पण एटीआरएक्स ‘लॉस’. पुढची जनुकीय तपासणी कोणती?

नात्यातल्या रुग्णाच्या रिपोर्टबद्दल विचारतो आहे. आयडीएच आणि एटीआरएक्स ही गाठीत तपासली जाणारी जनुकं; ‘लॉस’ म्हणजे त्या जनुकाचं प्रथिन गाठीच्या पेशींत दिसत नाही. वय ३८, गाठ उजव्या फ्रंटल भागात, शस्त्रक्रियेत बरीचशी काढली. रिपोर्ट असा: डिफ्यूज ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची पसरती गाठ), नेक्रोसिस (पेशी मरून गेलेला भाग) नाही, रक्तवाहिन्यांची नवी वाढ नाही. आयडीएच१ आर१३२एच (आयडीएच१ मधला एक ठरावीक बदल) निगेटिव्ह, एटीआरएक्स लॉस, पी५३ (टीपी५३ जनुकाचं प्रथिन) जवळजवळ सर्व पेशींत गडद, केआय-६७ (वाढत्या पेशींचं प्रमाण) सुमारे ६ टक्के. खाली शेरा ‘आयडीएच वाइल्डटाइप’, म्हणजे आयडीएचमध्ये बदल नाही. आता कोणती तपासणी करायची, प्रयोगशाळेला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) द्यायचा की स्लाइड, आणि नुसत्या रक्तावरून हे कळतं का?

काचपट्टी:
तो ‘वाइल्डटाइप’ शेरा इतक्यात पक्का धरू नका. आयडीएचचा स्टेन (ऊतकाला रंग देऊन प्रथिन दाखवणारी चाचणी) आर१३२एच या एकाच बदलाला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने करतात. ग्लायोमातल्या आयडीएच म्युटेशनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास तोच बदल असतो, म्हणून आधी तो स्टेन करणं योग्यच. पण आर१३२सी, आर१३२जी, आर१३२एस किंवा आयडीएच२ मधला आर१७२के असेल तर स्लाइड कोरीच राहणार. वय ५५ च्या आत आणि स्टेन निगेटिव्ह असेल, तर सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणं) झाल्याशिवाय वाइल्डटाइप म्हणू नये. त्यात इथे एटीआरएक्स गेलेला आणि पी५३ गडद. ही जोडी आयडीएच म्युटेशनवाल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमा या ग्लायोमाच्या प्रकाराची. प्रौढांच्या ग्लायोब्लास्टोमात (आक्रमक, आयडीएच वाइल्डटाइप ग्लायोमात) एटीआरएक्स सहसा शाबूत असतो.

त्याआधी पॅथॉलॉजिस्टना एटीआरएक्सची स्लाइड पुन्हा बघायची विनंती करा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि अधूनमधून सापडणारे न्यूरॉन यांची केंद्रकं तपकिरी हवीत. ती तपकिरी आणि गाठीच्या पेशींची निळी, तरच खरा लॉस. सगळीच निळी असतील तर फिक्सिंग बिघडलं आहे किंवा स्टेन फसला आहे, आणि तो निकाल बाद.

पॅराफिन:
वरच्याशी सहमत. एक शक्यता जोडतो: एच३ जी३४ म्युटेशन (एच३ या हिस्टोन प्रथिनाच्या जनुकातला बदल) असलेला ग्लायोमा. तोही मेंदूच्या गोलार्धात होतो, त्यातही एटीआरएक्स जातो आणि पी५३ गडद येतो. किशोर आणि तरुण वयात तो जास्त दिसतो, पण ३८ व्या वर्षी तो नाहीच असं म्हणता येत नाही. ऑलिग२ (बहुतेक ग्लायोमांत दिसणारं एक प्रथिन) स्टेन केला असेल तर तो बघा. या गाठीत तो बहुतेकदा निगेटिव्ह असतो. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ थेट ग्रेड ४ (सर्वात वरची) आहे, त्यामुळे निसटू देऊन चालणार नाही.

म्हणून सुटी सुटी चाचणी न करता ग्लायोमाचं एनजीएस पॅनेल (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारं सिक्वेन्सिंग) मागा, आणि मागताना त्यात काय काय आहे ते लेखी विचारा: आयडीएच१, आयडीएच२, एच३ ची जनुकं, टर्ट प्रमोटर (टर्ट जनुक चालू करणारा भाग), बीआरएएफ, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन (त्या जनुकाच्या जादा प्रती), क्रोमोसोम ७ आणि १०, सीडीकेएन२ए/बी (पेशींची वाढ रोखणारी जनुकं). काही स्वस्त पीसीआर किट मोजकेच ठरावीक बदल शोधतात. तशा किटचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे पुन्हा तोच घोळ. टर्टचा बदल प्रमोटरमध्ये असतो, त्यामुळे नुसत्या एक्सोम तपासणीत (जनुकांचे फक्त प्रथिन ठरवणारे भाग वाचणाऱ्या) तो सापडेलच असं नाही.

काचपट्टी:
नमुन्याबद्दल. जमेल तिथे ब्लॉकच द्या, पण सगळे नाही. एक मागे ठेवा. कोणता द्यायचा हे पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून ठरवायचं: ज्यात गाठीच्या पेशी दाट, नेक्रोसिस आणि कॉटरीने (रक्त थांबवायच्या विद्युत उपकरणाने) भाजलेला भाग कमी, तो. फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून केलेल्या तपासणीला) वापरून उरलेला तुकडा शक्यतो टाळा. स्लाइडच द्यायच्या असतील तर ५ मायक्रॉनच्या दहा-बारा कोऱ्या स्लाइड आणि एक एच अँड ई (नेहमीचा रंग दिलेली) स्लाइड, तिच्यावर गाठीचा भाग पेनने वेढून.

पेशींचं प्रमाण का महत्त्वाचं? आयडीएच म्युटेशन जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत असतं. तुकड्यात ६० टक्के पेशी गाठीच्या असतील तर बदललेलं अक्षर साधारण ३० टक्के वाचनांत दिसेल. पेशी २० टक्केच असतील तर १० टक्के. सँगर पद्धत (जुनं सिक्वेन्सिंग) १५-२० टक्क्यांखाली भरवशाची नाही, एनजीएस त्याहून खाली जातं. ग्लायोमाच्या कडेचा तुकडा गेला, तर निगेटिव्ह निकालाला काही अर्थ उरत नाही. रिपोर्टवर गाठीच्या पेशींची टक्केवारी लिहिलेली नसेल तर मागून घ्या.

फिक्सेशन १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, ६ ते ७२ तास असावं. आठवडाभर पडून राहिलेल्या ऊतकाचा डीएनए तुटलेला मिळतो आणि डीएनएच्या अक्षरांत सी जागी टी असे खोटे बदल दिसतात. कवटीच्या हाडासह तुकडा आम्लात ठेवला असेल तर तो ब्लॉक जनुकीय तपासणीला देऊच नका.

धागाकर्ता:
खूप आभार. रक्ताचं राहिलं. आणि १पी/१९क्यू (क्रोमोसोम १ आणि १९ चे भाग गेलेत का), एमजीएमटी हेही आत्ताच करून घ्यायचं का? भावंडांची तपासणी?

पॅराफिन:
रक्तात ग्लायोमाचा डीएनए फारच कमी उतरतो. रक्त निगेटिव्ह आलं तरी काहीच सिद्ध होत नाही. ऊतक हाताशी असताना त्यावर वेळ घालवू नका. आयडीएचचा हा बदल गाठीतच घडलेला असतो, वारशाने आलेला नसतो, त्यामुळे त्यासाठी भावंडांच्या तपासणीची गरज नाही. घरात लहान वयातले इतर कॅन्सर असतील तर मात्र जनुकीय समुपदेशकाला भेटा, कारण टीपी५३ चा दोष वारशाने येऊ शकतो.

एटीआरएक्स खरोखर गेला असेल तर १पी/१९क्यू सोडा. ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या प्रकाराची खूण आहे, आणि त्यात एटीआरएक्स शाबूत असतो. आयडीएच म्युटेशन सापडलं तर सीडीकेएन२ए/बी च्या दोन्ही प्रती गेल्यात का हे पाहणं अत्यावश्यक, कारण गेल्या असतील तर नेक्रोसिस नसतानाही ग्रेड ४. आयडीएच आणि एच३ दोन्ही स्वच्छ आले, तर टर्ट, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा ७ वाढलेला आणि १० गेलेला, यांतलं एक जरी असलं तरी ग्लायोब्लास्टोमा धरतात. एमजीएमटी म्युटेशन नव्हे, प्रमोटरचं मेथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) आहे. साध्या डीएनए पॅनेलमध्ये ते येत नाही, वेगळं मागावं लागतं. ग्रेड ४ ठरलं तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज घ्यायला ते लागेल, म्हणून त्याच ब्लॉकमधून डीएनए राखून ठेवायला सांगा.

पॅनेलला बऱ्याचदा दोन ते चार आठवडे लागतात. रेडिएशनची तारीख ठरण्याआधी ऑन्कोलॉजिस्टना हे सांगा. ग्रेड २ आणि आयडीएच म्युटेशन निघालं तर रेडिएशन लगेच द्यायचं की थांबायचं, की व्होरासिडेनिब (आयडीएच म्युटेशनवरचं औषध), हा सगळा निर्णयच बदलू शकतो.